खानदानातले सरळ दात

आमच्या खानदानात सरळ दात फक्त माझे आले. बाबांचे पुढचे दोन एकमेकांच्या अंगावर चढलेले. काकांनी ओठ मिटले तरी त्यांचे दात बाहेरच. आत्याच्या दातांत एवढी फट, की लहानपणी आम्ही तिला त्यातून शिट्टी मारून दाखवायला सांगायचो आणि ती बिचारी मारायची पण. आणि आई. आईचे दात कसे आहेत हे मला मोठी होईपर्यंत नीट माहीत नव्हतं, कारण हसायला आलं की तिचा पदर आधी तोंडावर जायचा. घरात एकटी टीव्ही बघत हसली तरी पदर वर. लग्नाच्या फोटोतही ती ओठ घट्ट मिटून बसली आहे. बघणाऱ्याला वाटेल, हिचं जबरदस्तीनं लग्न लावलं.

अशा घरात माझे दुधाचे दात पडून नवे आले ते एका ओळीत. आईला काय झालं असेल ते विचारू नका. आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे. आजोबा स्टील प्लांटच्या नोकरीसाठी भिलाईला आले आणि मग बाबाही प्लांटमध्येच लागले. गावाकडून कोणी क्वार्टरवर आलं की चहाच्या आधी मला हाक यायची.

"ये वो बाई. दात दाखव."

मी ईऽ करून उभी राहायचे. पाहुणे म्हणायचे, वा. मग चहा यायचा. मला परीक्षेत किती मार्क पडले हे आमच्याकडे कोणी विचारल्याचं आठवत नाही.

तर हे दात घेऊन मी अकरावीत बॉक्सिंगला जायला लागले. खोटं कशाला बोलू, मला राग फार. आताही आहे, पण आता नोकरी आहे म्हणून गिळते. तेव्हा गिळायची सवय नव्हती. शाळेत कोणी चिडवलं की माझा हात आधी चालायचा आणि तोंड त्याच्यासोबतच. शेवटी खेळाच्या मॅडमनी मला आमच्या सेक्टरच्या मैदानामागच्या बॉक्सिंगच्या शेडमध्ये नेऊन उभं केलं आणि तिथल्या सरांना म्हणाल्या, "इसको मारना ही है तो ढंग से मारना सिखा दो." सरांनी माझे हात बघितले, खांदे बघितले आणि म्हणाले, "बोलती कितना है?" मॅडम म्हणाल्या, "बहुत." सरांनी मान हलवली, पण ठेवून घेतलं.

घरी मी सांगितलं, खेळायला जाते. काय खेळायला, हे कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. पण ग्लोव्हजच्या आत हाताला गुंडाळायच्या लांब पट्ट्या असतात, त्या घामानं एवढ्या वास मारायला लागल्या की धुवाव्याच लागल्या. मी त्या मागच्या बाजूला दोरीवर घातल्या आणि तिथेच फसले. आईनं एक पट्टी ओढली. ती संपेचना.

"हे कोणाचं ऑपरेशन झालं?" आईनं विचारलं.

सांगावं लागलं. बाबा आतून खूश झाले, ते त्यांच्या पेपरमागच्या चेहऱ्यावरून कळत होतं. आई खूश नव्हती. ती बराच वेळ पट्टी हाताला गुंडाळत आणि सोडत बसली. माझा स्वभाव तिला माहीत होता. नाही म्हटलं असतं तर मी घर डोक्यावर घेतलं असतं. म्हणून तिनं नाही म्हटलं नाही.

"जाय. पण एक गोष्ट ध्यानात ठेव. एकबी दात हालला ना, त्या दिवशी बॉक्सिंग बंद. मंग माझ्यासमोर रडायचं नाही अन् बापाले मधात घालायचं नाही."

मी म्हटलं, ठीक. त्या वयात माणूस कशालाही ठीक म्हणतं. पण आईनं ते मनावर घेतलं होतं. रोज संध्याकाळी मी घरात पाऊल टाकलं की पहिलं वाक्य, "आ कर." दिव्याखाली उभं करून ती माझ्या तोंडात बघायची आणि मगच जेवायला वाढायची. मला मात्र तोवर त्या शेडची चटक लागली होती. माझ्या रागाचं कोणीतरी काहीतरी चांगलं करू शकतं, हे आयुष्यात पहिल्यांदा कळत होतं. ते सुटलं असतं तर मी काय केलं असतं, खरंच सांगता येत नाही. म्हणून मी दात जपत होते.

काही महिन्यांनी सरांनी मला दुर्गच्या स्पर्धेत उतरवायचं ठरवलं. त्यांनी सगळ्यांना दम दिला, माउथगार्डशिवाय रिंगमध्ये कोणी चढायचं नाही, आणि रायपूरला गेले तेव्हा आम्हा सगळ्यांसाठी एकेक घेऊन आले. पारदर्शक, घोड्याच्या नालाच्या आकाराचं, रबरासारखं प्लास्टिक. ते गरम पाण्यात थोडा वेळ बुडवायचं, मऊ झालं की वरच्या दातांवर बसवायचं आणि घट्ट चावायचं. ज्याचे दात त्याचा ठसा त्यात उमटतो. गार झालं की ते कायमचं त्या माणसाचं. एवढी साधी गोष्ट. पाकिटावर चित्रंसुद्धा होती.

पण आमच्या घरी बाबा होते.

बाबा प्लांटमध्ये मेंटेनन्सला. तिथली शिस्त अशी की कुठलीही नवी वस्तू ट्रायल घेतल्याशिवाय चालू करायची नाही. ही शिस्त ते गेटवर ठेवून घरी येत नसत. नवा कूलर जानेवारीत आला म्हणून आम्ही स्वेटर घालून त्याच्यासमोर बसलो होतो. नव्या कुकरमध्ये नुसतं पाणी घालून त्यांनी शिट्ट्या काढल्या आणि शेजारच्या काकू विचारायला आल्या, आज काय विशेष? माझी पहिली सायकल आली तेव्हा गुडघे कानाला लावून सगळ्या लाइनीला चक्कर मारली ती आधी बाबांनी. खाली उतरून म्हणाले, "ब्रेक ठीक आहे. आता चालव."

स्पर्धेच्या आदल्या दिवशी रविवार होता. मी दुपारी माझी निळी चड्डी-बनियन इस्त्री करत होते. स्वयंपाकघरातून पाणी उकळल्याचा आवाज आला, म्हणून मी आत गेले. बाबा गॅससमोर ताठ उभे. हनुवटी वर, डोळे भिंतीवरच्या घड्याळावर, गाल आत ओढलेले. मी विचारलं काय झालं, तर त्यांनी एक बोट वर केलं. थांब. मग त्यांनी तोंडातून माझं माउथगार्ड काढलं, उजेडात धरून बघितलं आणि म्हणाले, "एक नंबर. पास."

मी बघितलं. त्यात बाबांचे पुढचे दोन दात, एकमेकांवर चढलेले, असे साफ उमटले होते की आत्यानंसुद्धा ओळखले असते. वरून तंबाखूचा वास.

"बाबा, हे माझ्या दातांवर बसवायचं होतं."

"मंग बसव ना. ट्रायल झाली आता."

त्यांना सांगून काही उपयोग नव्हता. मी बाहेर जाऊन सरांना फोन लावला. सर आधी बराच वेळ काही बोललेच नाहीत. मला वाटलं रेंज गेली. ते हसत होते. मग म्हणाले, एकदा पुन्हा जरासं गरम कर, मऊ झालं की तुझ्या दातांवर लाव, होऊन जाईल. मी जिवात जीव येऊन परत स्वयंपाकघरात आले तर गॅसवर जुन्या पातेल्यात पाणी खळखळा उकळत होतं आणि आई झारा घेऊन उभी होती.

"काय करून राहिली?"

"उष्टं आहे ते. बापाच्या तंबाखूचं उष्टं पोरीच्या तोंडात घालू का? चांगलं उकळून राहिली. तुझी दुधाची बाटली बी अशीच उकळत होती मी."

तिनं झाऱ्यानं ते वर काढलं. सुकलेल्या आंब्याच्या फोडीसारखं वळून गोळा झालं होतं. कुठली बाजू वरची, कुठली खालची, समजत नव्हतं. आईनं ते हुंगलं आणि समाधानानं म्हणाली, "आता वास नाही येत."

मी काय बोलले ते इथं लिहीत नाही. बाबा म्हणाले, "मी ट्रायलमधी पास केलं होतं. फेल तुह्या मायनं केलं." आई म्हणाली, "अजी, पण पहिले तोंडात कोणी घातलं?" त्या दोघांचं सुरू झालं आणि मी इस्त्रीच्या चड्डीवर डोकं ठेवून रडले. उद्या सकाळी माझी बाउट, म्हणजे लढत, आणि गार्डशिवाय सर चढू देणार नाहीत. आणि चढू दिलं तरी उघड्या दातांनी खेळून एक जरी हालला तर कायमचं बंद. दोन्हीकडून मेलेच.

मी रडते म्हटल्यावर मात्र भांडण तिथेच थांबलं. बाबांनी स्कूटर काढली. आई म्हणाली, मी बी येतो, तुमच्या दोघांवर भरोसा नाही. तिघं एका स्कूटरवर हुडकोच्या बाजारात गेलो. तिथल्या खेळाच्या दुकानात कॅरम होते, कप होते, योगाच्या चटया होत्या. माउथगार्ड म्हटल्यावर दुकानदारानं आधी मास्क दाखवला. मग स्टुलावर चढून त्यानं वरच्या खोक्यातून एक काढलं. लालभडक. पण माझ्या मापाचं. आम्ही ते घेतलं आणि उत्साहानं थेट शेडवर सरांना दाखवायला गेलो.

सरांनी बघितलं आणि मान हलवली. "लाल नहीं चलेगा. नियम है. खून निकले तो दिखना चाहिए."

सर बोलून गेले आणि मग त्यांच्या लक्षात आलं की मागे आई उभी आहे. इतके महिने मी घरी बॉक्सिंगमध्ये पॉइंट असतात, असं सांगत आले होते. पॉइंट कशाचे, ते सांगितलं नव्हतं.

"खून काहे को दिखना चाहिए, सर?" आईनं शांतपणे विचारलं.

"नहीं नहीं माताजी, निकलता नहीं है. बस नियम है."

परतताना स्कूटरवर आई मधे बसली होती आणि तिचा हात माझ्या दंडावर होता. इतका घट्ट, की मला वाटलं आता ही घरी गेल्यावर नाही म्हणणार. पण हुडकोच्या वळणावर ती बाबांना म्हणाली, "थांबवा. हे बदलून घ्या." दुकानदार कुरकुरला. आईनं त्याला एवढंच विचारलं, की तुझ्या घरी पोरगी आहे का. त्यानं सगळी खोकी खाली काढली आणि शेवटी एक पारदर्शक सापडलं, मोठ्या माणसाचं, माझ्या जबड्याला लांब.

घरी आल्यावर आईनं बाबांना बाहेर बसवलं आणि स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. पाकिटावरची चित्रं तिनं मला दोनदा समजावून सांगायला लावली. शिवणकामाच्या कात्रीनं गार्डची दोन्ही टोकं कापली, माझ्या दाढांना लावून बघितली, पुन्हा कापली. पाणी उकळून खाली उतरवलं, घड्याळ भिंतीवरून काढून ओट्यावर ठेवलं आणि ते गार्ड पाण्यात सोडलं. मग माझ्या तोंडात बसवलं.

"चाव. गिळू नको. थुंकी आत ओढ."

आणि बाहेरून तिनं दोन्ही हातांची बोटं माझ्या ओठांवर, गालांवर दाबली, एकेका दातावरून, कडेपासून मध्यापर्यंत. तिची बोटं हळदीच्या वासाची होती. तिला हे बॉक्सिंग बंद व्हायला हवं होतं, हे मला पक्कं माहीत होतं. जरा सैल दाबलं असतं, जरा घाई केली असती, तर कोणी तिला बोल लावला नसता. उलट तिचंच काम झालं असतं. पण ती दाबत राहिली. मला त्या वेळी तिची एवढी माया आली की बोलायला जावं तर तोंडात ते प्लास्टिक. ते बसलं ते असं, की काढायला आम्हा दोघींना जोर लावावा लागला.

बाबांनी बाहेरून विचारलं, "ट्रायल घेऊ का?" आई म्हणाली, "खबरदार."

दुसऱ्या दिवशी बाबांची पहिली पाळी होती, म्हणून माझ्यासोबत आई आली. खेळ बघायला नव्हे, दात राखायला. दुर्गच्या हॉलमध्ये ती प्रेक्षकांत पहिल्या रांगेत बसली, मांडीवर पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली आणि हळद. माझ्यासमोरची मुलगी उतई गावची. माझ्यापेक्षा उंच, आणि तिच्याकडून एक टेम्पो भरून माणसं आली होती. मुलगी शांत. मला शांत मुलींची आधीपासूनच चीड.

पहिला राउंड बरा गेला. सर म्हणायचे, माउथगार्डचा सगळ्यात मोठा फायदा तुला होणार, तुझं तोंड बंद राहील. खरं होतं ते. बोलायला येत नाही म्हटल्यावर मी नुसती मारत होते आणि चांगली मारत होते. दुसऱ्या राउंडमध्ये तिचा पाय माझ्या पायावर पडला. मुद्दाम होता की चुकून, देव जाणे. मला मुद्दामच वाटला. आणि मी, एवढं सगळं सांगून, एवढं सगळं करून, तिला काहीतरी सुनवायला तोंड उघडलं.

तिनं मारलं. माझ्या उघड्या तोंडावरच. बोलता यावं म्हणून मी जिभेनं ढकलून गार्ड अर्धं सोडवलं होतं, तरी ठोसा आधी त्याच्यावरच बसला, म्हणून वाचले. मग ते उडालं आणि मॅटच्या मधोमध जाऊन पडलं.

आईनं काय बघितलं ते तिनं नंतर सांगितलं. पोरीच्या तोंडातून दातांची अख्खी ओळ बाहेर आली आणि जमिनीवर चमकत पडली. ती ओरडली नाही. शेजारच्या बाईला म्हणाली, "माझ्या पोरीचे सगळे दात पडले," आणि पिशवी घेऊन उठली.

रेफरीनं बाउट थांबवली होती. असं झालं की गार्ड धुवून परत बसवायला वेळ देतात. सरांनी ते उचललं, बाटलीतलं पाणी टाकलं, तेवढ्यात आई कोपऱ्यात हजर. तिनं सरांच्या हातातून ते घेतलं, स्वतःच्या बाटलीनं धुतलं. सर म्हणाले, माताजी, आप यहां नहीं आ सकतीं. रेफरीही म्हणाला. आई दोघांकडे न बघता मला म्हणाली, "आ कर."

मी आ केला. तोंडात रक्ताची चव होती. आईनं अंगठा आत घातला आणि वरच्या दातांवरून फिरवला, डावीकडून उजवीकडे. मधल्या उजव्या दातावर अंगठा थांबला. दात हालला. अगदी जरासा, पण हालला. मला हाललेला कळला आणि तिला अंगठ्याखाली कळला. तिनं माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं. सगळं संपलं हे मला तेव्हाच समजलं. रडायचं नाही असं ठरलेलं होतं, म्हणून मी रडले नाही.

"दांत ठीक है?" रेफरीनं विचारलं.

आईनं अंगठा पदराला पुसला.

"सब ठीक है," ती म्हणाली. "एक भी नहीं हिला."

आणि गार्ड माझ्या तोंडात घालून, बाहेरून ओठांवर दाबून, हळू मराठीत म्हणाली, "तोंड बंद ठेव. अन् तिले सोडू नको."

मी तोंड बंद ठेवलं. पॉइंटवर हरले ते हरलेच, पण उतईच्या टेम्पोतली माणसं शेवटी शेवटी गप्प झाली होती. सरांना मी दुसऱ्या दिवशी खरं सांगितलं, आणि दात घट्ट होईपर्यंत त्यांनी मला नुसत्या दोरीच्या उड्या मारायला लावल्या. घरी मात्र भात रोज गिचका व्हायला लागला, डाळ घोटलेली, पोळी तर बंदच. बाबा दोन-तीन दिवस मुकाट्यानं जेवले. मग एकदा ताटाकडे बघत म्हणाले, "भात कावून असा करून राहिली वो?"

"नवा तांदूळ आहे," आई म्हणाली आणि मला वरण वाढलं. "जेव लवकर. तुले प्रॅक्टिसले उशीर होते."